नऊ वजा बी वजा सी वजा डी वजा ई

सोसायटीच्या सेक्रेटरीच्या अंगी काय गुण असावेत हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नाही. पण भाऊंच्या बिल्डिंगमध्ये एकच गुण पाहिला जायचा, तो म्हणजे माणसाला 'नाही' म्हणता येता कामा नये. या एका गुणावर भाऊ अकरा वर्षं बिनविरोध निवडून येत होते. गच्चीच्या किल्लीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत कुणीही काहीही मागितलं की भाऊ म्हणायचे, "बघू, करू काहीतरी." आणि ते इतक्या मनापासून म्हणायचे की पुढे काहीच झालं नाही तरी मागणारा समाधानाने घरी जायचा.

रॅम्प मात्र आत्याने मागितला होता, आणि आत्याकडे 'बघू' चालत नसे.

आत्या म्हणजे भाऊंच्या वडिलांची धाकटी बहीण. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि गेली नऊ वर्षं भाऊंकडेच राहणारी. पाच महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरात चाकाची खुर्ची आली. ती खुर्ची आत्या अशी चालवायची की दाराच्या चौकटीला कधी ओरखडा पडला नाही. लिफ्टमध्येही ती एकटी जायची. पण लिफ्टमधून बाहेर पडलं की प्रवेशद्वार, प्रवेशद्वाराबाहेर चार पायऱ्या, आणि बाकी सगळं जग त्या चार पायऱ्यांच्या खाली होतं.

ऑपरेशननंतर एकदा तिला तपासणीसाठी न्यावं लागलं, तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला उचलून उतरवलं होतं. त्या चौघांपैकी प्रत्येकजण उरलेल्या तिघांना सूचना देत होता. डावीकडून तिरकी घ्या, आधी मागची बाजू, जरा पाय वर, आता टेकवा. खुर्चीत माणूस बसलंय आणि त्यालाही काही म्हणायचं असेल, हे चौघांच्याही गावी नव्हतं. गाडीत बसल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "भाऊ, आता मी या पायऱ्यांवरून माझ्या चाकांवर उतरेन. नाहीतर उतरणार नाही."

त्याला चार महिने झाले होते. आत्या बोलल्याप्रमाणे उतरली नव्हती. तपासायला डॉक्टर घरी यायचे, पुस्तकं वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, आणून द्यायच्या, आणि बाहेरचा रस्ता आत्या खिडकीतून बघायची.

वेळ घालवायला तिने एक नाद लावून घेतला होता. तिच्या टॅबलेटवर आलेख काढायचं सॉफ्टवेअर होतं. एका बाजूला समीकरण लिहायचं, की दुसऱ्या बाजूला त्याची रेघ उमटते. आत्या त्यावर फुलपाखरं काढायची, गोगलगाय काढायची, एकदा तर तिने वहिनींचा चष्मा हुबेहूब काढून दाखवला. भाऊ या सगळ्यापासून चार हात लांब असायचे. नववीत त्यांना बीजगणित शिकवायला आत्याच होती, आणि त्या वर्षाबद्दल घरात दोघंही बोलत नसत.

एका शनिवारी दुपारी आत्याने त्यांना समोर बसवलं. पायऱ्या चार, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे उंची साठ सेंटिमीटर. खुर्ची कुणाच्या मदतीशिवाय चढायला-उतरायला उतार एकास बारा लागतो.

"तर मग रॅम्प किती लांब हवा?" आत्याने विचारलं.

"बघू," भाऊ म्हणाले.

"बघायचं नाही, गुणायचं. सात मीटर वीस."

आणि जागा होती. पायऱ्यांच्या शेजारून, भिंतीच्या कडेने, बिल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंत वहिनींनी टेप लावून मोजलं होतं, नऊ मीटर. गरज भागून वर एक मीटर ऐंशी उरत होतं. भाऊंना घाम फुटला. गणिताचा नव्हे, त्या नऊ मीटरच्या पट्ट्यात कुणाकुणाचं काय काय आहे हे त्यांना पाठ होतं. अध्यक्षांच्या कुंड्या होत्या. सी फ्लॅटच्या काकूंचं बाक होतं. डी फ्लॅटच्या जिमवाल्याची सायकल होती. एवढ्या लोकांना हलवायचं म्हणजे एवढ्या लोकांना काहीतरी म्हणायचं.

आत्याने त्यांचा चेहरा वाचला. चौतीस वर्षं तिने असले चेहरे वाचले होते. ती म्हणाली की ज्याला किती जागा लागेल हे आज माहीत नाही, त्याच्या जागी एक अक्षर लिही. अध्यक्षांच्या कुंड्यांना बी म्हण. मग रॅम्पची लांबी नऊ वजा बी. तिने ते टॅबलेटवर लिहिलं मात्र, खाली एक पट्टी आली, पट्टीवर एक गोल ठिपका. ठिपका बोटाने सरकवला की बीची किंमत बदलायची, आणि वर आलेखातली तिरकी रेघ, म्हणजे रॅम्प, आपोआप लांब किंवा आखूड व्हायची.

भाऊंनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं नाही पण त्यांनी पाऊण तास ते उचललं नाही. ठिपका डावीकडे नेला की रेघ आळसावून जमिनीवर पसरायची. उजवीकडे नेला की ताडकन उभी राहायची. असं काही जगात असेल हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाला किती जागा द्यायची हे न ठरवताच रॅम्प तयार! प्रत्येकाला एकेक अक्षर देऊन टाकायचं, आणि हो म्हणायचं. भाऊंच्या स्वभावाला इतकी शोभेल अशी सोय पूर्वी कुणी केली नव्हती.

पट्टी उणे दहापासून सुरू व्हायची. भाऊंनी ठिपका उणे दहावर नेला. रॅम्प एकोणीस मीटरचा झाला आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरला.

"उणे दहा मीटर कुंड्या म्हणजे गं काय?" त्यांनी खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं.

आत्याने सांगितलं की तेवढी जागा अध्यक्षांनी आपल्या घरातून काढून द्यायची. भाऊ यावर बराच वेळ विचार करत बसले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या वहिनींनी कपबशी ठेवता ठेवता विचारलं की सगळ्यांनी मिळून सगळीच जागा मागितली तर काय होईल. भाऊंनी ठिपका नऊवर नेला. रेघ भिंतीसारखी सरळ उभी होत गेली, आणि नऊ आल्यावर दिसेनाशी झाली. तिघंही थोडा वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी अध्यक्षांच्या घरी मीटिंग भरली. आत्याने यायला साफ नकार दिला. माझ्याच रॅम्पसाठी मी लोकांची तोंडं बघत बसणार नाही म्हणाली. भाऊ तेच सॉफ्टवेअर टाकलेला लॅपटॉप घेऊन गेले आणि तो त्यांनी अध्यक्षांच्या टीव्हीला जोडला. अक्षरं वाटताना भांडण नको म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. बिल्डिंगमध्ये फ्लॅट आठच, ए ते एच. ज्याचा जो फ्लॅट, तेच त्याचं अक्षर. ए हा भाऊंचा स्वतःचा, त्यांना काही नको होतं. या योजनेचा भाऊंना इतका अभिमान वाटला होता की सकाळी दाढी करताना ते शीळ घालत होते.

सुरुवात झकास झाली. बी म्हणजे अध्यक्ष. त्यांच्या कुंड्यांना ऐंशी सेंटिमीटर. ठिपका सरकला, टीव्हीवर रेघ किंचित उचलली गेली, अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "पुन्हा करा बरं." पुन्हा केलं. सीच्या काकूंनी बाकासाठी अर्धा मीटर मागितला, आणि मला स्वतःला सरकवू द्या म्हणाल्या. जिमवाल्याची सायकल साठ सेंटिमीटर. एरवी सोसायटीच्या मीटिंगला लोक घड्याळ बघत बसतात. त्या दिवशी माझं अक्षर कुणी हलवलं म्हणून तक्रारी सुरू झाल्या. काकूंनी तर जिमवाल्याचा डी गुपचूप दहाने कमी करून बघितला, नुसतं काय होतं ते बघायला.

मग आले डेंटिस्ट. फ्लॅट ई. नऊ मीटरचा पट्टा जिथे संपतो तिथून त्यांच्या गाडीची आखलेली जागा सुरू व्हायची. लोकांच्या तोंडात केसभर फटीत काम करणारा हा माणूस, पण गाडी मागे घेताना आखलेल्या रेघेच्या आत ती त्यांना कधीच बसवता आली नव्हती. गाडीचं नाक कायम अर्धा मीटर पुढे. तेव्हा अर्धा मीटर, फार तर पाऊण, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भाऊ म्हणाले, अहो त्यात काय, आणि समीकरणाच्या शेवटी त्यांनी वजा ई लिहिलं.

पट्टी आलीच नाही.

बी, सी आणि डी यांच्या पट्ट्या आपापल्या जागी दिमाखात होत्या. ईची पट्टी नव्हती. आणि तरी टीव्हीवरचा रॅम्प एकदम आखडून घसरगुंडीसारखा झाला. भाऊंनी ई पुसून पुन्हा लिहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. जिमवाल्याने टीव्हीची वायर काढून पुन्हा जोरात खुपसली. सगळ्यांना अक्षर आणि मलाच का नाही, असं डेंटिस्टांनी शांतपणे विचारलं, आणि ते शांतपणे विचारतात तेव्हा जास्त दुखणार असतं हे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होतं.

शेवटी भाऊंनी आत्याला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. आयुष्यातल्या काही चुका माणूस किती सहज करतो बघा.

आत्याने एक उसासा टाकला. ती म्हणाली, "अरे, गणितात ई हे अक्षर नाही, पायसारखा ठरलेला आकडा आहे. दोन पॉइंट सात एक आठ आणि पुढे न संपणारं. तो कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही. सगळ्या जगात तेवढाच असतो."

डेंटिस्टांनी चष्मा पुसला. सगळ्या जगात तेवढाच, त्यांनी हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. अर्धा मीटर मागायला आलेल्या माणसाला एकाएकी कळलं की आपल्या फ्लॅटच्या वाट्याला मुळातच दोन मीटर एकाहत्तर पॉइंट आठ सेंटिमीटर आहेत, आणि ते हलवायचा अधिकार सेक्रेटरीलाच काय, कुणालाच नाही.

भाऊंनी धावपळ केली. डेंटिस्टांना दुसरं अक्षर देऊ म्हणाले. एफ? एफच्या बाई म्हणाल्या की आमचं अक्षर आम्ही दुसऱ्याला वापरायला देणार नाही, उद्या ते त्याचंच होऊन बसतं. जीचे मालक परदेशात, त्यांची लेखी संमती लागेल. एचमधले वकील म्हणाले की तत्त्वतः हरकत नाही, आणि त्यापुढे ते जे बोलले त्यातून हरकतच निघाली. मग एम घेऊ, असं भाऊ काकुळतीला येऊन म्हणाले, तर अध्यक्षांनी त्यांना आठवण करून दिली की बिल्डिंगमध्ये एम नावाचा फ्लॅट नाही आणि जो फ्लॅट नाही त्याला जागा कशी देणार. डेंटिस्टांचं म्हणणं त्याहून साधं होतं. मला दुसरं अक्षर नको, माझं मला ठीक आहे.

भाऊंच्या तोंडून 'नाही' निघायला ही वेळ अगदी योग्य होती. शब्द गळ्यापर्यंत आलाही. पण त्यांच्या हातून इतिवृत्तात ओळ उतरली ती अशी: 'फ्लॅट ई यांचे २.७१८ मीटर स्थिर मानण्यात आले.' अध्यक्षांनी सही केली. हिशोब असा झाला की नऊमधून कुंड्या, बाक, सायकल आणि ई वजा जाता रॅम्पला उरले चार मीटर अडतीस. पाहिजे होते सात मीटर वीस.

घरी आल्यावर भाऊंनी आत्याला सांगितलं की सगळ्यांनी एकमताने पाठिंबा दिला. ते खरंही होतं.

पुढचा आठवडा परवानगीचा. परवानगी देणारं कार्यालय भाऊंच्या ऑफिसच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. भाऊ स्वतः पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क. वीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले होते, तेव्हा आपला अर्ज परत येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तो तिसऱ्या मिनिटाला परत आला. फॉर्मवर रकाना होता, 'लांबी, आकड्यात व अक्षरात'. आकड्यात काय लिहावं हे अजून ठरत नसल्यामुळे भाऊंनी तो भाग कोरा ठेवला होता आणि अक्षरात लिहिलं होतं, नऊ वजा बी वजा सी वजा डी वजा ई.

तिथला क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली. मग त्याने खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने विचारलं की साहेब, हा रॅम्प आहे तरी केवढा. भाऊ म्हणाले की ते बदलू शकतं. क्लार्क म्हणाला की मी तीस वर्षांत वाढणारी बांधकामं पुष्कळ पाहिली, पण परवानगीआधीच हलणारं पहिल्यांदा पाहतोय. आणि यात हा २.७१८ कुठल्या नियमाने आला? भाऊंनी सांगितलं की तो निसर्गनियम आहे. क्लार्कने तो शब्द पेन्सिलीने समासात लिहून घेतला आणि समोरच्या टेबलावर दाखवायला नेला. त्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. भाऊंनी आपल्या हाताखालच्या माणसांना असं हसताना पुष्कळदा ऐकलं होतं. पलीकडे उभं राहून ते कसं ऐकू येतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

इकडे गवंडी हजर झाला. तो म्हणाला की माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे, सोमवारपासून मोठ्या कामावर जायचंय, मग सहा महिने माझी वाट बघू नका. भाऊंनी त्याला लॅपटॉप दाखवला. दाखवताना त्यांचं बोट पट्टीशेजारच्या छोट्या त्रिकोणावर पडलं, आणि ठिपका आपोआप इकडून तिकडे पळू लागला. तो थांबवायच्या धांदलीत भाऊंनी दुसरे दोन त्रिकोणही दाबले. तिन्ही पट्ट्या एकदम चालू झाल्या आणि पडद्यावरचा रॅम्प वर उठू लागला, खाली बसू लागला, मध्येच शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन परत येऊ लागला. गवंडी कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत होता.

"तो थांबला की मला हाक मारा," असं म्हणून तो तंबाखू मळत जाऊन बसला.

शुक्रवार उजाडला तरी भाऊंना एक आकडा सांगता येत नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली. चार मीटर अडतीसचा का होईना, रॅम्प तो रॅम्प. उतार थोडा जास्त, पण आत्याचे हात अजून मजबूत आहेत. आधी फळ्या टाकून बघू म्हणाले. गवंड्याने तेवढ्याच लांबीच्या जाड फळ्या पायऱ्यांवर तिरक्या बसवल्या. आत्या दुपारी पलंगावर पडायची, तेव्हा तिची खुर्ची भाऊंनी हळूच खाली आणली. खुर्चीत कोण बसणार यावर एकमेकांकडे बघणं झालं, आणि सेक्रेटरी म्हणून भाऊ बसले. खरं सांगायचं तर त्यांना उत्सुकताही होती. इतके दिवस ती रेघ बोटाने सरकवली होती, तिच्यावरून उतरताना काय होतं ते बघायचं होतं.

काय होतं ते फार लवकर कळलं. पहिल्या मीटरला भाऊ हसत होते. दुसऱ्या मीटरला चाकांना तळहात लावायला गेले आणि तळहात भाजले. उरलेल्या रॅम्पबद्दल त्यांना काही सांगता येणार नाही. खुर्ची फळीवरून सुटली, अंगणात अर्धं वर्तुळ घेऊन सीच्या काकूंच्या बाकाला घासली आणि अध्यक्षांच्या कुंड्यांत घुसली. एक कुंडी फुटली. भाऊंचं कोपर सोललं, चष्मा मातीत गेला, आणि सगळी बिल्डिंग खाली जमा झाली. जिमवाला तर पहिल्यापासून फोनवर चित्रीकरण करत होता.

मग वर चढायचा प्रयोग. हिंमत न हरता भाऊंनी दोन्ही हातांनी चाकं ढकलली. खुर्ची वीतभर चढायची आणि हातभर मागे यायची. शेवटी मागून गवंडी आणि जिमवाला, दोघांनी मिळून त्यांना वर चढवलं. चढवताना ते एकमेकांना सांगत होते, डावीकडून घ्या, जरा तिरकी करा, आता सोडू नका. मधे बसलेले भाऊ काहीतरी म्हणत होते. ते कुणीच ऐकलं नाही.

वर पोचल्यावर भाऊंनी मान उचलली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, गजांना धरून, आत्या उभी होती. ती कधी उठली, कशी उठली कोण जाणे. ती हसत नव्हती. तिने सगळं पाहिलं होतं. दोघांची नजरानजर झाली आणि आत्याने खिडकी लावून घेतली.

भाऊ खुर्ची घेऊन वर गेले. आत्या पलंगावर बसली होती. तिने त्यांचं कोपर बघितलं, वहिनींना कापूस आणायला सांगितलं, आणि स्वतःच जखम पुसून दिली. भाऊ सांगू लागले की उतार जरा जास्त वाटतो खरा, पण सवयीने जमेल, आणि वर चढताना कुणीतरी मागून—

"राहू दे रे," आत्या म्हणाली. "मला तरी कुठे जायचंय? उगाच माझ्यापायी लोकांशी वाईटपणा नको."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर भाऊंनी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली असती. पण ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. नववीतल्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तिचा. आता तो पलंगाच्या कडेलाही जेमतेम पोचत होता. टॅबलेट उशाशी पालथा पडला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. कुंड्यांत पडल्याचीसुद्धा नाही. सगळ्यांना हो म्हणता म्हणता त्यांनी एका माणसाला चार महिने नाही म्हटलं होतं, आणि ते माणूस त्यांच्याच घरात राहत होतं.

लॅपटॉप काखेत मारून ते तसेच खाली आले. मंडळी अजून फुटक्या कुंडीभोवती उभी होती. भाऊंनी लॅपटॉप काकूंच्या बाकावर ठेवला आणि डेंटिस्टांना जवळ बोलावलं.

"डॉक्टर, ई काढतोय मी."

"इतिवृत्तात आहे ते," डेंटिस्ट म्हणाले.

"ते मीच लिहिलंय. चुकीचं लिहिलंय." भाऊंनी पडद्यावरच्या ईवर बोट ठेवलं. "तुमची गाडी तुमच्या रेघेच्या आत घ्या. रॅम्पच्या जागेत तिचं नाक येणार नाही."

"येणार नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही."

त्यांनी कळ दाबली. ई गेला. पडद्यावरची रेघ खाली झुकली आणि लांबवर पसरली. आकडा आला सात मीटर दहा. म्हणजे अजून दहा सेंटिमीटर कमी. भाऊंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पुढे आले. पायाने एकेक कुंडी ढकलत त्यांनी सगळ्या एकमेकींना चिकटवल्या आणि टेप मागितला. सत्तर सेंटिमीटर भरले. काकूंनी ताबडतोब लॅपटॉपवरचा बी सत्तरवर आणून ठेवला.

भाऊंनी गवंड्याला हाक मारली. सात मीटर वीस, ते म्हणाले. गवंड्याने खिशातला खडू काढून भिंतीवर खूण केली आणि पक्कं ना, म्हणून विचारलं. भाऊ पक्कं म्हणाले. कार्यालय बंद व्हायला तास होता. भाऊ पट्टी बांधलेल्या कोपरानिशी तिथे पोचले आणि पेनाने, आकड्यात व अक्षरात, लांबी भरली. क्लार्कने जुना अर्ज काढून पाहिला आणि हळहळून विचारलं की तो निसर्गनियम कुठे गेला. बदलाचं कारण लिहावं लागेल म्हणाला. भाऊंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सेक्रेटरीची चूक', आणि खाली सही केली. शिक्का बसला.

शनिवारी रॅम्प उभा राहिला. मग सिमेंटवर पाणी मारत आठ दिवस थांबायचं होतं. हे आठ दिवस भाऊंना फार जड गेले. डेंटिस्टांनी गाडी रेघेच्या आत घेतली, पण भाऊंशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये समोरासमोर आले की ते मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचे. आयुष्यात कुणाशी वाकडं न घेतलेल्या भाऊंना जेवण जाईना. वहिनींनी दोनदा सुचवलं की जाऊन बोलून या. भाऊ दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. बोलायला गेलो तर आपण अर्धा मीटर तरी देऊन येऊ, अशी त्यांना स्वतःबद्दल खात्री होती.

नवव्या दिवशी सकाळी आत्याने केस विंचरले, बाहेर जायची साडी नेसली आणि लिफ्टचं बटण दाबलं. भाऊ आणि वहिनी जिन्याने धावत खाली आले. अध्यक्ष, काकू, जिमवाला, सगळे कसे कोण जाणे आधीच अंगणात होते. डेंटिस्टही होते, गाडी पुसत. ती आधीच स्वच्छ होती.

लिफ्टचं दार उघडलं. आत्या प्रवेशद्वारात येऊन थांबली आणि उताराकडे तिने नुसतं बघितलं, वरून खाली, मग पुन्हा खालून वर. भाऊंनी नकळत खुर्चीच्या मुठी धरल्या.

"हात काढ," आत्या म्हणाली.

भाऊंनी हात काढले. आत्याने तळहात चाकांवर ठेवले आणि सोडलं. खुर्ची घाई न करता, न थबकता, तिला पाहिजे त्या वेगाने उतरली. सात मीटर वीस. अर्ध्यावर तिने चाकं धरून थांबवून पाहिली, ती थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा निघाली. खाली पोचल्यावर ती वळेल, दोन शब्द बोलेल म्हणून सगळे सावरून उभे होते. ती वळली नाही. अंगण ओलांडून सरळ फाटकाबाहेर पडली.

भाऊ फाटकापर्यंत पळत गेले.

"आत्या, अगं निघालीस कुठे?"

"ठरवलं नाही अजून," मागे न बघता आत्या म्हणाली. तोच जुना आवाज. समोरच्या टेलरनेही मान वर केली.

तिच्यामागे जावं म्हणून भाऊंनी एक पाऊल टाकलं, आणि ते मागे घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. खुर्ची टेलरच्या दुकानावरून पुढे गेली. पेपरवाल्याच्या टपरीवरून पुढे गेली. केव्हातरी शेजारी येऊन कुणीतरी उभं राहिलं. हातात गाडी पुसायचं फडकं होतं.

"कुठे गेल्या?" डेंटिस्टांनी विचारलं. आठ दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

"मलाही माहीत नाही," भाऊ म्हणाले.

दोघंही फाटकाला रेलून बघू लागले. रस्त्याच्या टोकाला चौक होता. तिथे आत्या थांबली. तिने एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. डेंटिस्ट म्हणाले, डावीकडे वळतील, तिकडे बाग आहे. भाऊ म्हणाले, उजवीकडे, तिकडे वाचनालय आहे.

आत्या सरळ गेली.